आधी लिही, मग शिव

प्रिय 'कोरी वही',

तू खाली जी सही केलीस त्याच नावाने हाक मारतेय, आणि तूच लिहिलंयस ना की ताई मला अहो-जाहो नको, म्हणून सरळ अगं-तुगं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा सावकाश, कारण त्यातलं ते एक वाक्य, "ताई, 23 वह्या झाल्या आणि एकीतही एक शब्द नाही", ते काही केल्या डोक्यातून जाईना.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही मैत्रीण दिवसभर स्क्रीनसमोर बसून जाहिरातींची कॉपी लिहिते आणि रात्री स्वतःच्या कथा लिहायचा प्रयत्न करते. आठ महिन्यांपूर्वी एक व्हिडिओ बघून तिने हाताने एक वही शिवली, आणि मग थांबलीच नाही. आता कपाटात 23 वह्या आहेत, सगळ्या कोऱ्या, कारण त्यात लिहायला हात उचलत नाही. घरचे म्हणतात वही काय दुकानात मिळत नाही का. मैत्रिणी म्हणतात पेज काढ, वह्या वीक. तिला स्वतःला तिसरीच भीती आहे, की हे सगळं कथा लिहिण्यापासून पळणं तर नाही. आणि वर वह्या वाकतात, कव्हर सुकलं की पुठ्ठा धनुष्यासारखा होतो, त्यामुळे तिला वाटायला लागलंय की आपल्या हातातच काही नाही.

मी शेवटच्या गोष्टीपासून सुरू करते, कारण तिचं उत्तर अगदी पक्कं आहे. तुझ्या हातात काही दोष नाही गं. तुझा कागद आडवा लागतोय.

म्हणजे काय ते सांगते. कागद मशीनवर बनतो तेव्हा पाण्यात कालवलेला लगदा एका पळत्या जाळीवर पडतो, आणि लगद्यातले बरेचसे तंतू त्या पळण्याच्या दिशेने लांब होऊन झोपतात. त्यामुळे प्रत्येक कागदाला एक दिशा असते, तिला ग्रेन म्हणतात. तंतू ओला झाला की लांबीला जेमतेम वाढतो पण अंगाने फुगतो, म्हणून अख्खा कागद एका बाजूने पसरतो आणि दुसऱ्या बाजूने जवळपास नाहीच. तू कव्हरच्या कागदाला खळ लावतेस तेव्हा तो पसरतो, तसा पसरलेलाच तू तो पुठ्ठ्यावर चिकटवतेस, मग रात्री तो सुकतो, आक्रसतो, आणि आक्रसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. हे तुझं धनुष्य.

उपाय असा, की पुठ्ठा, कव्हर, आतली पानं, अस्तराचा कागद, सगळ्यांचा ग्रेन वहीच्या कण्याला समांतर हवा, वरून कव्हर चिकटवलं की आतून अस्तरही त्याच खळीने चिकटवायचं म्हणजे दोन्हीकडची ओढ एकमेकींना धरून ठेवते, आणि मग सपाट वजनाखाली रात्रभर, घाई अजिबात करायची नाही. ग्रेन ओळखायचा कसा, तर कागद नुसता वाकव, घडी न पाडता, आणि वरून तळहाताने हलकेच दाब, आधी एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने. ज्या बाजूने तो मऊपणे वाकतो, विरोध करत नाही, ती घडी ग्रेनच्या दिशेची. आणि आता तुझी नेमकी चूक कुठे होत असणार ते, कारण तू लिहिलंयस की A4 कागद मधोमध दुमडून पानं करतेस. नेहमीच्या A4 चा ग्रेन बहुतेक वेळा लांबीला असतो, म्हणजे मधे दुमडलास की घडी बरोबर ग्रेनला आडवी जाते, मग वही फुगते आणि उघडी राहायलाही तयार होत नाही. त्यापेक्षा A4 आधी मधून कापून दोन तुकडे कर आणि मग एकेक तुकडा दुमड. वही छोटी होईल, खिशात मावेल एवढी, पण ग्रेन आपोआप कण्याला समांतर येईल. करून बघ, पहिल्याच वहीत फरक दिसेल.

एवढं सविस्तर सांगितलं कारण माझ्या मते हाताने वस्तू करण्यातला आनंद नेमका इथेच आहे. लोक म्हणतात हातकाम केलं की मन शांत होतं, रिलॅक्स वाटतं, आणि होतंही तसं कधीकधी, पण मला ते कधीच पुरेसं कारण वाटलं नाही, शांत तर झोपूनही वाटतं. तू दिवसभर जे काम करतेस त्याचा विचार कर. एक ओळ लिहितेस, कोणीतरी म्हणतं छान आहे पण अजून थोडं फ्रेश हवं, तू बदलतेस, मग म्हणतात आधीचीच बरी होती. ते सगळं कोणाचं तरी मत असतं, आणि मत संध्याकाळपर्यंत फिरतं. कागद मत देत नाही. तो ओला झाला की पसरणार, तुझा मूड कसाही असो, तू कितीही नावाजलेली असशील किंवा नसशील. तो नाही म्हणाला तर त्याच्या नाहीला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, आणि सापडलं की पुढच्या वेळी तोच कागद हो म्हणतो. दिवसभर माणसांच्या आवडीनिवडीवर लोंबकळणाऱ्या बाईला रात्री असं काहीतरी हाताशी लागतं जे खरं खोटं स्वतः सांगतं, मग ती 23 वह्या करेल नाहीतर काय करेल? मला तुझं अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

माझंही असंच सुरू झालं होतं. बाबा गेल्यावर त्यांची मला आलेली पत्रं एकत्र बांधायची असं मनात आलं, आणि कोणाकडे द्यायला जीव होईना म्हणून मीच बसले. माहिती काही नव्हती. सुंदर जाड कागद आणला, पत्रांच्या कडांना खळ लावून एकावर एक चिकटवली, पुठ्ठा लावला, रात्री वाकून वाकून बघत होते, किती छान झालंय. सकाळी पुठ्ठा असा वर उचललेला, आणि पत्रांच्या कडा सगळ्या सुरकुतलेल्या. मी रडले खूप. मग कोणीतरी एका वयस्कर बाइंडर काकांचं नाव सांगितलं, आयुष्य छापखान्यात गेलेलं त्यांचं. त्यांनी पत्रं उघडलीसुद्धा नाहीत आधी, नुसतं कव्हर दोन्ही हातात धरून जरासं वाकवलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाळ, कागद आडवा लावलास." मग त्यांच्या टेबलाखाली कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग होता त्यातली एक उचलली आणि माझ्यासमोर फाडली, सर्रकन सरळ फाटत गेली. तीच पट्टी दुसऱ्या बाजूने फाडली तर वेडीवाकडी, मधेच निसटून कडेला. "हे बघ, इकडून ऐकतो, इकडून ऐकत नाही." बास, एवढंच शिकवलं, आणि मला ते आजपर्यंत पुरलंय. पत्रं आम्ही दोघांनी मिळून सोडवली, दमट कापसाने खळ भिजवून भिजवून, दोन दिवस लागले, आणि मग प्रत्येक पत्राला कडेने कागदाची अरुंद पट्टी लावून त्या पट्ट्या शिवल्या, म्हणजे टाका पत्राला लागतच नाही. मला पट्टीची ही युक्ती इतकी आवडली होती तेव्हा, की बाबांच्या अक्षराला सुई न टोचता ते बांधता येतं.

आता पळण्याचा मुद्दा. तू खरं विचारलंयस म्हणून खरं सांगते. थोडं पळतेयस, हो. पण वही शिवताना नाही.

वही शिवताना काय होतं ते तुला माहितीये, तरी लिहिते, कारण तू पत्रात ते एका ओळीत उरकलंयस. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे, घडी दाबून एकावर एक रचलेले असतात. टोच्याने भोकं पाडून झालेली असतात. धागा मेणावरून ओढलास की बारीक किर्र आवाज येतो आणि बोटांना तो जरासा चिकट, जरासा ताठ लागतो. सुई बाहेरून आत, आतून बाहेर. भोक नीट पडलं असेल तर ती आपण होऊन शिरते आणि नसेल तर बोटाला ते आधी कळतं, डोळ्याला नंतर. आपल्या एका तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 मज्जातंतू येतात, आणि सगळ्यात दाट ते बोटांच्या टोकांना, आणि बिचारे दिवसभर एकाच गुळगुळीत काचेवर घासत असतात, म्हणून रात्री मेणाचा धागा लागला की ते असे जागे होतात. पहिला फर्मा, दुसरा, टोकाला आलं की खालच्या टाक्यातून सुई फिरवून गाठ, परत उलट दिशेने. दोन फर्मे होईपर्यंत सगळं हातात निसटत असतं, डावीकडे सरळ करावं तर उजवीकडे सरकतं. तिसऱ्या चौथ्याला कधीतरी, एक टाका ओढताना, ते निसटणं थांबतं. सुटे कागद होते ते आता एक वस्तू झाले. मी इतक्या वर्षांत कितीतरी वेळा हे केलंय आणि त्या टाक्याला दरवेळी माझा हात क्षणभर थांबतो. त्या क्षणी तू कुठेही पळत नसतेस, पूर्ण तिथे असतेस.

पळतेस ते दुसरीकडे. तूच लिहिलंयस की कव्हरसाठी निळ्या रंगाचा अमुकच कागद शोधण्यात दोन रविवार गेले, आणि टोच्याचे तीन प्रकार मागवले, आणि शिवणाच्या सतरा पद्धतींचे व्हिडिओ सेव्ह केलेत. ते करणं नव्हे गं. सामान जमवताना बोटं रिकामी असतात आणि मन उद्याच्या सुंदर वस्तूचा विचार करत असतं, आणि उद्याची वस्तू कधी वाकत नाही, कधी नाही म्हणत नाही. ते थांबव. एक टोचा, एक सुई, एक मेणाचा तुकडा, पांढरा कागद, पुरे झालं. राहिला प्रश्न शिवणं आणि लिहिणं यांच्या भांडणाचा, तर ते भांडण आहेच असं मला वाटत नाही.

1917 साली इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचा नवरा लिओनार्ड यांनी हाताने चालवायचं एक छोटं छपाईयंत्र विकत घेतलं, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं. ती मोठ्या आजारपणातून गेली होती आणि लिओनार्डला वाटत होतं की लिहून लिहून शिणलेल्या डोक्याला दुपारचं काही हाताचं काम मिळालं तर बरं पडेल. म्हणजे सुरुवात विश्रांती म्हणूनच, तुझ्यासारखीच. पहिलं पुस्तक दोघांच्या एकेका कथेचं, 150 प्रती, खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले घरी, छापलं घरी, शिवलंही घरीच. पुढे 1923 मध्ये कवी टी. एस. एलियटची गाजलेली दीर्घ कविता त्यांनी छापली तेव्हाही खिळे जुळवायला तीच बसली होती. आता विचार कर, खिळे जुळवणं म्हणजे एकेक अक्षर चिमटीत धरून ओळीत ठेवायचं, तेही उलटं, आरशातल्यासारखं, दोन शब्दांमधली रिकामी जागासुद्धा धातूचा तुकडा असते, ती पण हाताने घालावी लागते. वाक्य लांबलं की ते खरोखर जड होतं. जी बाई वाक्याच्या लयीवर एवढं जगली तिच्या हाताला वाक्याचं वजन असं रोज लागत होतं, आणि वर छापखाना स्वतःचा असल्यामुळे काय लिहावं हे तिला कोणा प्रकाशकाला विचारावं लागेना. तिची दुपार तिच्या सकाळला खात नव्हती, उलट सकाळची वाक्यं दुपारी हाताखालून परत जात होती.

तुझ्याकडे हे जोडलेलं नाहीये, बस एवढंच. तू कथा लॅपटॉपवर लिहितेस आणि वह्या कपाटात ठेवतेस, दोघींची ओळखच झालेली नाही.

आणि यातूनच तुझ्या त्या वाक्याकडे येते, 23 वह्या आणि एक शब्द नाही. शिवलेल्या वहीत लिहायला हात का उचलत नाही? कारण ती पूर्ण झालेली आहे. सुकली, दाबली, कडा कापल्या, आता तिच्यात काही कमी नाही, आणि पूर्ण वस्तूवर पेन ठेवायचं म्हणजे तिच्यात आपण फक्त बिघाडच करू शकतो असं वाटतं. कथेचा पहिला खर्डा तर बिघाडच असतो, खोडाखोड, बाण, अर्धी वाक्यं. त्याला असं आवरून सावरून बसलेलं घर कसं चालेल?

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने उलट केलं होतं. साधारण 1858 ते 1864 या वर्षांत ती आपल्या कविता दुमडलेल्या कागदांवर स्वच्छ उतरवून काढायची, मग ते कागद एकावर एक ठेवायची, कडेला दोन भोकं आणि दोरा. लिहिणं आधी, शिवणं नंतर. अशा 40 पुस्तिका केल्या तिने, त्यात 800 च्या वर कविता, आणि कोणाला दाखवल्या नाहीत. 1886 मध्ये ती गेल्यावर बहिणीला त्या खोलीत सापडल्या. त्यात बाइंडिंगची काही कमाल नाही, कव्हर नाही, पुठ्ठा नाही, कोणीही करू शकेल असं काम, पण मला त्या दोन भोकांचं फार वाटतं. छापून येण्याची वाट न बघता तिने स्वतःच ठरवलं की हे आता एकत्र आहे, आणि दोरा ओढला. आणखी एक, तिने कागद एकात एक घातले नव्हते, नुसते एकावर एक ठेवले होते, त्यामुळे प्रत्येक दुमडलेला कागद आपल्यापुरता मोकळा, चार पानं, एखादा बिघडला तर तेवढाच बदलायचा, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. लिहिणाऱ्या माणसाला याच्याहून सोयीची वही मला माहीत नाही.

म्हणून तुला माझं सांगणं आहे की पुढचे दोन महिने कोरी वही शिवायचीच नाही. A4 कापून, दुमडून, असे सुटे कागद टेबलावर ठेव, दहा-बारा, जास्त नको. त्यांच्यावर कथा लिही, हाताने, कितीही घाण अक्षरात. बिघडला कागद तर टाकून दे, नवीन दुमड, दुमडणं हे पण हाताचंच काम आहे आणि घडीवरून नख फिरवताना पुढचं वाक्य येतं पुष्कळदा, माझं तरी येतं. कथेचा शेवट झाला की मगच टोचा घे. त्या दिवशी तू जो टाका ओढशील, ते निसटणारे कागद ज्या क्षणी एक होतील, तो क्षण आजपर्यंतच्या 23 वेळांपेक्षा वेगळा असेल, कारण या वेळी आत तू असशील. कव्हर कर नाहीतर नको करू. वाकलं तर वाकू दे.

आणि त्या 23 चं काय? त्या सराव आहेत, त्यांच्याकडून तू भोक, टाका, घडी शिकलीस, त्यांचं काम झालं. चार-पाच लहान मुलांना देऊन टाक, मुलं पहिल्या पानावर बिनधास्त रेघोट्या मारतात, ते बघच एकदा समोर बसून, तुझ्या हाताची अर्धी भीती तिथेच जाईल. सगळ्यात वाकडी जी असेल ती स्वतःला ठेव आणि तिच्यात मधूनच कुठूनतरी लिहायला लाग, पहिलं पान सोडून, हिशेब लिही, फोन नंबर लिही, काहीही.

आता विकण्याचं. मैत्रिणी चांगल्या मनाने म्हणतायत, त्यांना वही आवडली आणि आवडलेल्या गोष्टीला मान द्यायची आजकाल हीच एक पद्धत उरलीये, की याचा बिझनेस कर. पण तुला एक प्रयोग सांगते. 1973 साली मार्क लेपर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नर्सरीतली अशी मुलं घेतली ज्यांना मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान सर्टिफिकेट मिळेल, रिबन वगैरे लावलेलं. काहींना आधी काही सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक दिलं. आणि काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात मार्कर आणि कागद नुसते ठेवून दिले आणि लांबून बघितलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षीस त्यांना मिळालं होतं बरं का, फसवलं नव्हतं कोणी. पण जे खेळणं होतं ते मधल्यामधे बक्षिसासाठीचं काम होऊन गेलं. आणि ज्यांना अचानक मिळालं त्यांचं काहीच बिघडलं नाही, हे माझ्या मते तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

त्यावरून मी तुला पैसे वाईट असं म्हणणार नाही. बाइंडर काका आयुष्यभर त्याच्यावर जगले आणि त्यांच्या अंगठ्याला कागद कायम कळत राहिला. पण त्यांचं ते पोट होतं, आणि तुझं पोट दिवसभराच्या नोकरीवर आहे, ही तुझी एकच जागा आहे जिथे क्लायंट नाही. तिथे ऑर्डर घ्यायला लागलीस की दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारेल, हीच वही पण गुलाबीत होईल का, आणि तू हो म्हणशील, तुझा स्वभाव पत्रावरून दिसतोच. तेव्हा आधी कबूल करून काही शिवू नकोस. एखादी झालेली वही कोणाला फारच आवडली आणि त्याने पैसे देऊ केले तर घे खुशाल, लाजू नकोस, छान काहीतरी कर त्याचं. पुढे दोन-तीन वर्षांनी परत विकावंसं वाटलं तर तेव्हा बघू, तेव्हा तुझा हात आणि तुझं मन दोन्ही वेगळे असतील.

घरच्यांशी वाद घालू नकोस. वही दुकानात मिळते हे खरंच आहे, त्यांचं काही चुकत नाही. फक्त आठवड्यातल्या दोन संध्याकाळी टेबलाचा एक कोपरा आणि दोन तास माझे, एवढं स्पष्ट सांग, कारण न देता सांग. कारण दिलंस की त्या कारणावर चर्चा होते. आणि जमलं तर कधीतरी त्यांच्यापैकी एकाच्या हातात सुई दे, एकच टाका घालायला लाव, मग बोलणं किती बदलतं ते तूच मला कळव.

पुढचं पत्र लिहिशील तेव्हा वहीचा फोटो नको पाठवूस. कथेचं पहिलं पान पाठव, जसं असेल तसं, खोडाखोडीसकट.

तुझी
ताई

ता. क. एक राहिलंच. तू लिहिलंस की शिवताना भोकापाशी कागद फाटतो. तू धागा बहुतेक आपल्याकडे ओढतेस, किंवा वर. तो कण्याच्या समांतर ओढायचा, ज्या दिशेने शिवत पुढे चालली आहेस त्याच दिशेने, आणि प्रत्येक भोकाला थोडा थोडा, शेवटी एकदम नाही. आणि मेण एकदा लावून पुरत नाही, तीनदा तरी धागा त्याच्यावरून ने.